ताईचं मशीन बंद करून चालू केलं तेव्हा

आमच्या भाऊजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्यावर मी काही लिहितेय हे त्यांना कळलं तर म्हणतील, 'का गं, दुसरं कोणी मिळालं नाही?' नाही मिळालं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन त्यांचे डोळे बघते, त्यामुळे भलेभले लोक मी अगदी हातभर अंतरावरून पाहिलेत आणि कोणाचंही फारसं कौतुक वाटलेलं नाही. तोंडात बोट घालायची वेळ माझ्यावर एकाच माणसाने आणली. त्या माणसाच्या नखांत बारा महिने ग्रीस असतं.

माझी थोरली बहीण ही त्यांची बायको. ताई बसस्थानकात घोषणा करायची. कुठली गाडी, कुठून आली, कुठे चालली, कुठल्या फलाटाला लागली, वाटेत कुठे कुठे थांबणार, हे सगळं ती एका दमात सांगायची, मध्ये श्वास कधी घेतला ते कळायचंही नाही. घरीही तोच प्रकार. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आई म्हणायची, 'अगं बाई, दम खा, गाडी सुटत नाहीये.' भाऊजींचं दुकान स्थानकाच्या भिंतीला लागूनच. ताईला बघण्याआधी कितीतरी दिवस त्यांनी तिचा नुसता आवाज ऐकला होता. लग्न झाल्यावर मला म्हणाले, 'मला वाटलं होतं, दिवसभर तिकडे बोलून झालं की घरी जरा शांतता असेल.' फसले बिचारे. पण तक्रार कधी केली नाही. ऐकण्याची त्यांना हौसच होती.

मग ताईला तो स्नायूंचा आजार झाला. आधी पाय गेले, मग हात, आणि शेवटी छातीच्या स्नायूंनी काम सोडलं. डॉक्टरांनी गळ्याला छोटं भोक पाडून नळी बसवली आणि ती एका मशीनला जोडली. पलंगाशेजारच्या टेबलावर ते मशीन असतं. दिसायला एखाद्या जुन्या रेडिओसारखं. पुढे छोटा पडदा, खाली दोन बटणं. ते सूंऽऽ करून हवा आत ढकलतं, मग थांबतं, मग पुन्हा सूंऽऽ. ताईचा श्वास म्हणजे तो.

देवाच्या दयेने आवाज तेवढा राहिला. पण आवाजाला हवा लागते, आणि हवा मशीनच्या मर्जीने येते. मशीनने हवा दिली की ताईचे चार शब्द बाहेर पडायचे, मग गप्प. पुढची हवा आली की पुढचे चार शब्द. 'पंखा जरा…' आपण थांबायचं. 'कमी कर गं.' असं. सुरुवातीला माझा जीव कासावीस व्हायचा. पुढे सवय झाली. इतकी झाली की त्या घरात सगळेच तसे बोलायला लागले. भाऊजी तर दुकानातही. गिऱ्हाईक विचारायचं, 'सायकल कधी मिळेल?' भाऊजी म्हणायचे, 'संध्याकाळी…' आणि थांबायचे. ते गिऱ्हाईक बिचारं उभंच. 'या,' भाऊजी म्हणायचे. लोकांना वाटायचं, माणूस जरा हललाय.

सगळे नातेवाईक एकच म्हणायचे, 'आजारपणाने ताई किती समजूतदार झाली हो! पूर्वी केवढी बडबड, आता कशाबद्दल तक्रार नाही.' मलाही तसंच वाटायचं. खोटं कशाला बोलू.

आता मुद्द्यावर येते. त्या मशीनच्या पडद्यावर एक निरोप यायला लागला. नवं अपडेट उपलब्ध आहे. खाली दोन पर्याय, 'आता' आणि 'नंतर'. भाऊजी रोज सकाळी ताईचं तोंड पुसायचे, उशी हलवायचे आणि जाता जाता 'नंतर' दाबायचे. रोजच्या कामातलंच ते एक काम होऊन बसलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, 'चालतंय ना? मग चालत्या चाकात कशाला हात घालायचा?'

एके दिवशी दुपारी ताईची नळी मशीनपाशी सैल झाली आणि निसटली. असं झालं की मशीनने बोंब मारायची असते. मारली नाही. नळी लोंबत होती आणि मशीन आपलं शांतपणे टेबलाला वारा घालत होतं. भाऊजी योगायोगाने तिथेच बसून मोजे घडी घालत होते म्हणून त्यांना दिसलं. त्यांनी नळी घट्ट बसवली आणि मग तिथेच जमिनीवर बसले. मी पोचल्यावर त्यांनी कंपनीला फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, 'हो, अलार्ममध्ये चूक सापडली आहे. त्यासाठीच तर अपडेट पाठवलंय. तुम्ही केलं नाही का अजून?'

भाऊजींनी फोन माझ्या हातात दिला.

दोन दिवसांनी कंपनीचा इंजिनिअर आला. उंच, किडकिडीत, दारातून आत येताना वाकणारा. मशीन बघून म्हणाला, 'अपडेट लगेच करायला हवं. मात्र मशीन बंद करून परत चालू करावं लागेल.'

'बंद?' मी म्हणाले. माझा आवाज चढला, चढायचाच. 'अहो, माझा फोन रोज काही ना काही अपडेट करत बसतो, मला पत्ताही लागत नाही. आणि तुमच्या एवढ्या महागड्या मशीनला बंद पडल्याशिवाय जमत नाही? काय थट्टा लावलीय?'

तो चिडला नाही. मला अजून त्याचं बरं वाटतं. म्हणाला, 'फोनमधली छोटी ॲप चालू फोनमध्ये बदलता येतात, कारण ती त्या वेळी रिकामी बसलेली असतात. पण फोनची मूळ प्रणाली बदलायची म्हटली की तुमचा फोनही बंद होऊन चालू होतो, आठवून बघा. जी सगळ्यांना चालवते, ती सारखी कामात असते. तिला बदलायचं तर हातातलं काम तिला खाली ठेवावंच लागतं. बसून कपडे बदलता येतात मॅडम, धावता धावता नाही येत.'

'आणि ती हातातलं काम खाली ठेवेल तेव्हा ते काम कोण करणार?' मी विचारलं.

तो ताईकडे बघायला लागला. आम्ही सगळेच ताईकडे बघायला लागलो. ते काम म्हणजे तिचा श्वास.

बदली मशीन कंपनीकडे होतं, पण ते दुसऱ्या कोणाच्या तरी उशाशी लागलेलं होतं आणि कधी सुटेल ते सांगता येत नव्हतं. हॉस्पिटलात नेऊन करता आलं असतं. पण मागच्या वेळी तिथून ताई छातीत जंतू घेऊन आली होती आणि मरता मरता वाचली होती. हॉस्पिटलचं नाव काढताच तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, 'घरीच…' सूंऽऽ. 'यांना करू दे.'

भाऊजींना? हवा भरणं हा त्यांचा धंदा खरा, पण सायकलच्या ट्यूबमध्ये!

हाताने श्वास द्यायचा एक रबरी फुगा असतो, पेरूच्या आकाराचा पण चांगला मोठा. तो नळीला जोडायचा आणि दाबायचा. दाबला की हवा आत, सोडला की हवा बाहेर. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी शिकवायला घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी क्षणभर मशीन काढून फुगा जोडला आणि भाऊजींना म्हणाल्या, 'दाबा.' भाऊजींनी काय करावं? आयुष्यभर जे केलं तेच केलं. दणादण पंप मारला. टायर बोटाने दाबून घट्ट लागेपर्यंत हवा भरायची, हेच त्यांना ठाऊक. ताईचे डोळे हे एवढाले झाले.

'अहो, अहो, काय करताय!' नर्सबाई ओरडल्या. 'टायर आहे का तो? भरलेली हवा बाहेर यायला वेळ नको का द्यायला?'

मशीन परत जोडल्यावर ताईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर पहिलं वाक्य, 'फुगवून फुगवून…' सूंऽऽ. 'फोडता का मला?' नर्सबाईंना हसू आवरेना. भाऊजी मात्र खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांची पाठ मला अजून दिसते. मी मनात म्हटलं, संपलं, या माणसाने हातपाय गाळले.

गाळले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून रोज सराव. ताईवर थोडाच वेळ, बाकीचा वेळ नुसत्या फुग्यावर. मी एकदा दुकानावरून जात होते तर हे एका गिऱ्हाइकाच्या चाकात हवा भरत होते, आणि इतक्या सावकाश, इतक्या हळुवार की ते गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, 'अहो, मला आज घरी जायचंय.' भाऊजींचं लक्षच नव्हतं. दाबायचं, सोडायचं, वाट बघायची. नर्सबाईंनी सांगितलं होतं, फुग्याकडे बघू नका, तिच्याकडे बघा. छाती किती वर येते ते बघा. त्यांनी ते मनावर घेतलं. काही दिवसांनी नर्सबाईच मला जिन्यात म्हणाल्या, 'माझ्यापेक्षा यांचा हात चांगला बसलाय हो.'

ठरलेल्या दिवशी सकाळी इंजिनिअर आला. नर्सबाई होत्या, मी रजा काढून होते. खाली रुग्णवाहिका उभी करून ठेवली होती, न जाणो. ताईच्या बोटाला चिमटा लावला होता. त्याच्यावरचा आकडा खाली गेला की समजायचं, हवा कमी पडतेय. भाऊजींनी हात कोपरापर्यंत धुतले, नखं घासली, तरी ग्रीस काही गेलं नाही. पलंगाशेजारी स्टूल ओढून बसले. ताईला म्हणाले, 'करू?'

'करा…' सूंऽऽ. 'एकदाचं.'

नर्सबाईंनी मशीनची नळी काढून फुगा जोडला. भाऊजींनी दाबला. ताईची छाती वर आली. त्यांनी सोडला, छाती खाली गेली. इंजिनिअरने बटण दाबून धरलं आणि पडदा काळा झाला.

आणि ती शांतता! बाई गं. त्या घरात इतकी वर्षं ते सूंऽऽ दिवसाचे चोवीस तास चालू होतं. जेवताना, भांडताना, पाहुणे असताना. ते बंद झालं तेव्हा पहिल्यांदा मला त्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं. खाली रस्त्यावर कोणीतरी शटर उघडत होतं ते ऐकू आलं. आणि माझी बहीण जिवंत होती ती एका माणसाच्या मुठीत. ती मूठ वळत होती, उघडत होती.

इंजिनिअरने लॅपटॉप जोडला. थोड्या वेळात होईल म्हणाला होता. थोडा वेळ झाला. आणखी थोडा झाला. तो पडद्याकडे बघून ओठ चावायला लागला तेव्हा मी विचारलं, 'काय झालं?'

'अडकलंय,' तो हळूच म्हणाला. 'परत सुरू होईल. कधीकधी होतं असं.' त्याच्या कपाळावर घाम होता. त्या वेळी मी त्याला काही बोलले नाही, यावरून समजा माझी काय अवस्था झाली असेल.

हे ताईने ऐकलं. ती घाबरली. मला तिच्या भुवया कळतात. तिने बोलायला तोंड उघडलं. 'मला जरा…' आणि सवयीप्रमाणे थांबली. मशीनच्या हवेची वाट बघत थांबली. पण मशीन कुठे होतं? भाऊजी तिच्या तोंडाकडेच बघत होते. ती थांबली तसे तेही एक क्षण थांबले, आणि मग त्यांनी फुगा इतका सावकाश, इतका लांबवत दाबला की ती हवा संपेचना. ताईच्या चेहऱ्यावर आश्चर्य पसरलं. आणि ती बोलली.

'मला जरा भीती वाटतेय पण तेवढी नाही, आणि आता बोलतेच आहे तर आधी मला कोणीतरी सांगा की त्या खिडकीचा पडदा उलटा कोणी लावलाय, शिवण इकडच्या बाजूला आलीय, रोज डोळे उघडले की ती शिवण दिसते आणि माझं डोकं फिरतं, पण हे सांगायला इतके तुकडे करावे लागतात की मी म्हणते जाऊ दे.'

पडदा मी लावला होता.

खरं सांगते, मला आधी कळलंच नाही की काय झालं. मग कळलं. मशीन हवा द्यायचं ते त्याच्या वेळेवर. हा माणूस हवा देत होता ती तिच्या वेळेवर. तिला जिथे वाक्य तोडायचं होतं तिथे तो सोडत होता. जिथे पुढे जायचं होतं तिथे दाबत होता. तिच्या भुवईवरून, हनुवटीवरून, देव जाणे कशावरून, त्याला कळत होतं की आता हिला किती हवा लागणार. ती बोलत होती आणि तो तिच्या बोलण्याला हवा भरत होता. दोघांचं मिळून एक वाक्य होत होतं.

मग काय, बांध फुटला. 'आणि तू गं,' ती माझ्याकडे वळली, म्हणजे नुसते डोळे वळवले, 'हे केस असे कोणी कापायला सांगितले होते तुला, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं की तुझं कपाळ मोठं आहे, तुला पुढे केस हवेत. आणि नर्सबाई, तुम्ही लाख चांगल्या आहात, पण तुमचं पाणी फार गरम असतं, माझी पाठ भाजते.'

'अगं बाई!' नर्सबाई म्हणाल्या. 'मग सांगायचं नाही का?'

'कसं सांगू, बादली ओतून होते तोवर माझं अर्धंच वाक्य झालेलं असतं.'

समजूतदार झाली म्हणे! ती समजूतदार झालेली नव्हती. ती शब्द वाचवत होती. एवढी वर्षं प्रत्येक तक्रार तोलून मापून, ही सांगण्याइतकी आहे का, असं बघून गिळून टाकत होती, आणि आम्ही तिची वाहवा करत होतो. मला रडू फुटलं आणि हसूही येत होतं.

मग ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, 'आणि तुम्ही. झोपेत धक्का लागून नळी निघेल म्हणून तुम्ही त्या खुर्चीत बसून झोपता, मला सगळं माहीत आहे, मान अवघडून सकाळी कसे चालता तेही बघते मी. ही नळी तुमच्या घोरण्याने काही निघणार नाही. आजपासून तुमचा पलंग इकडे ओढायचा आणि इथे माझ्या शेजारी झोपायचं. मला एकटीला झोप येत नाही. कधीपासूनचं सांगायचं होतं.'

भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसणार कसं? दोन्ही हात कामात. ते तसंच गालावरून गळ्यात जाऊ दिलं त्यांनी, आणि हाताची लय जराही चुकली नाही. शेवटी नर्सबाईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. चिमट्यावरचा आकडा सगळा वेळ जागच्या जागी होता.

यात मशीन कधी सुरू झालं ते मला कळलंही नाही. इंजिनिअरने चाचणी केली, मशीनची नळी मुद्दाम ओढून काढली, आणि अलार्म असा ठणाणा वाजला की सगळे दचकलो. मग तो नळीचं टोक हातात धरून उभा राहिला. मशीन तयार होतं. पण 'जोडू का' असं विचारायची त्याची हिंमत होईना. ताई बोलत होती. तो परका माणूस खाली मान घालून, डोळे पुसत, ताईची शेजारणीबद्दलची मतं ऐकत उभा होता.

तिनेच थांबवलं. 'जोडा आता. यांचे हात थरथरायला लागलेत आणि हे कबूल करणार नाहीत.'

'मी दमलो नाही,' भाऊजी म्हणाले.

'खोटं बोलू नका. जोडा हो.'

जोडलं. सूंऽऽ. ताईने डोळे मिटले. सगळं पुन्हा पहिल्यासारखं, फक्त नळी निघाली तर मशीनचा अलार्म आता वाजणार होता. भाऊजींनी फुगा मांडीवर ठेवला तर बोटं उघडेनात. मी एकेक बोट सोडवलं.

पुढच्या तपासणीला भाऊजींनी डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, रोज थोडा वेळ असं चालेल का. डॉक्टर आधी नाही म्हणाले. मग घरी आले, भाऊजींचा हात कसा चालतो ते बघितलं, ताईचं बोलणं ऐकलं, त्यांनाही चार गोष्टी ऐकायला मिळाल्या, आणि म्हणाले, नर्सबाई घरात असतील तेव्हा, थोडा वेळ, चालेल. तेव्हापासून दुपारी दुकान बंद होतं. लोकांना वाटतं भाऊजी जेवायला जातात. भाऊजी बायकोला बोलायला हवा द्यायला जातात.

परवा मी दुपारी गेले तर जिन्यातच आवाज ऐकू आला. ताई कडाडून भांडत होती. भाऊजींनी म्हणे कोणाला तरी तिची जुनी सायकल न विचारता देऊन टाकली. मी दारात उभी राहिले. ताई म्हणत होती, तुम्ही नेहमी असंच करता, लग्न झाल्यापासून असंच करत आलात, माझी वस्तू, माझं नाव तिच्यावर, आणि मला विचारायची पद्धत नाही. चेहरा लालबुंद. भाऊजी स्टुलावर बसून मुकाट्याने फुगा दाबत होते. चूक त्यांचीच होती, त्यांनाही ते कळत होतं. हात नुसता थांबवला असता तर ते भांडण तिथल्या तिथे संपलं असतं.

ताईची हवा संपत आली. वाक्य अर्धवट होतं. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, फुगा सोडला, भरू दिला, आणि चांगला मोठा श्वास आत सोडत म्हणाले, 'हं, बोल. पुढे?'